चांदीचा तांब्या आणि पेजेचा टोप

माझा तांब्या काळा पडायला लागला तेव्हा मला आनंद झाला, आणि तिथंच सगळं बिनसलं.

अंगावरची हळद अजून उतरली नव्हती. संगमेश्वराकडच्या एका गरम पाण्याच्या कुंडावर आम्ही उभे होतो. माझ्या सासरची, म्हणजे सुर्व्यांच्या घरची, रीत अशी की नव्या सुनेनं माहेरून आणलेला चांदीचा तांब्या या कुंडात भरायचा, तिच्या शेजारी सासूनं तिच्या माहेरचा तांब्या भरायचा आणि दोघींनी मिळून वरच्या देवळातल्या महादेवाला त्या कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं. गुरव मात्र देवळाची किल्ली घरी विसरून आला होता. तो ती आणायला परत गेला आणि आम्ही दोन्ही तांबे पाण्यातल्या पायरीवर शेजारी शेजारी ठेवून वाट बघत बसलो.

कुंडाच्या पाण्याला नासक्या अंड्याचा वास येत होता. बाकीच्यांनी नाकाला पदर लावले होते आणि मी मात्र नाक वर करून हुंगत होते. लग्नाआधी मी कोल्हापूरच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवत होते. नासक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, आणि त्यात चांदी बुडवली म्हणजे काय होणार, हे मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिलं होतं की खडूचा चुरा अजून नखात असेल. पण फळ्यावर लिहिणं वेगळं. इथं माझ्या डोळ्यांदेखत तांब्या आधी पिवळसर झाला, मग काकवीसारखा तपकिरी आणि मग काठापासून खाली काळा होत गेला.

"अहो, बघा ना," तांब्याकडे बोट करत मी उल्हासला कोपरानं ढोसलं, "ऑक्सिडीकरण."

उल्हास, माझा नवरा, तेव्हा एसटीच्या डेपोत कामाला होता. बायको पहिल्यांदाच चारचौघांत आपणहून काही बोलली म्हणून तो खुशीत हसला. काय बोलली ते त्याला कळलं नव्हतं. इंदूआत्यांना मात्र माझा हात कुणीकडे गेला ते बरोबर दिसलं.

इंदूआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. चिपळूणला दिलेली, पण लग्न-बारसं असलं की मुक्काम भावाकडे आणि हुकूमतही त्यांचीच. त्यांनी वाकून पाहिलं आणि सावकाश सरळ झाल्या.

"वहिनी," त्या माझ्या सासूबाईंना म्हणाल्या, "हा बघा तुमच्या सुनेचा तांब्या. आणि हा तुमचा."

माईंचा तांब्या माझ्या तांब्याला लागूनच होता. त्याच पाण्यात, तेवढाच वेळ. तो आरशासारखा लखलखत होता. उन्हाची तिरीप पडून त्याचा कवडसा माझ्या काळ्या तांब्यावरच नाचत होता.

मी माईंकडे पाहिलं. माझ्या सासूबाई मुळात अबोल, आणि मी त्या घरात नवी, त्यामुळे त्यांचा चेहरा मला अजून वाचता येत नव्हता. पण त्यांनी चटकन वाकून आपला तांब्या पाण्यातून उचलला आणि पदराखाली घेतला, तेव्हा मला एकदम सगळं कळलं. लग्नघरात शिरल्यापासून मला सांगितलं गेलं होतं, की माईंचा तांब्या दुसऱ्या कुणी घासायचा नाही. त्याला चिंच नाही, राख नाही, लिंबू नाही. माई स्वतः तो कोरड्या मऊ फडक्यानं पुसतात आणि देव्हाऱ्यात ठेवतात. घरच्यांना वाटे, काय ही भक्ती. ती भक्ती नव्हती. चिंचेनं घासला असता तर वरचा मुलामा गेला असता.

माईंचा तांब्या चांदीचा नव्हताच. जर्मन सिल्व्हरचा होता, वर निकेलचा मुलामा. नावात सिल्व्हर असलं तरी चांदीचा त्यात कण नसतो. म्हणून तो काळा पडला नाही. माझा पडला, कारण तो अस्सल होता.

हे तिथल्या तिथं बोलून टाकावं असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात गुरव किल्ली घेऊन आला.

घरी येईपर्यंत इंदूआत्या जीपमध्ये काही बोलल्या नाहीत, तेव्हाच मला समजायला हवं होतं. जेवणं झाल्यावर त्यांनी माझा तांब्या ओटीवर मधोमध ठेवला आणि आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हाक मारली. आप्पांचा कौलांचा धंदा. माणूस साधा, बहिणीपुढे तर अगदीच गरीब. त्यांनी पेपर खाली केला, तांब्या पाहिला आणि पेपर परत वर केला.

आत्यांचं म्हणणं सरळ होतं. चांदी खोटी आहे. मुलीच्या बापानं फसवलं. उद्या घरी सत्यनारायण आहे, हुपरीहून व्याही येणार आहेत, तेव्हा चार माणसांत त्यांनाच विचारू.

 माझे वडील, अण्णा, हुपरीचे चांदीचे कारागीर. आमच्या गावात घरटी भट्टी आणि घरटी ठोकाठोक. तिथं माणसाचं घर केवढं आणि शेत किती हे कुणी विचारत नाही, त्याची चांदी कशी ते विचारतात. अण्णांचा हात पैंजणाचा. तांब्या घडवणं हे काही त्यांचं रोजचं काम नव्हे. पण लेकीच्या सासरी कुंडाची रीत आहे म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्याकडून करून न घेता स्वतः ठोकून काढला. पहिले दोन मनासारखे उतरले नाहीत म्हणून वितळवले. तिसरा झाला तेव्हा तो उजेडात धरून आईला म्हणाले होते, की यात माझं तोंड दिसतंय बघ. त्या तोंडाला उद्या काळं फासायचा बेत इथं ओटीवर चालला होता.

मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी सांगितलं, की खरी चांदीच अशा पाण्यात काळी पडते. कुंडाच्या पाण्यात गंधक आहे. चांदीला गंधक भेटलं की चांदी आपल्याजवळचे इलेक्ट्रॉन देऊन बसते, त्याला ऑक्सिडीकरण म्हणायचं.

"गंजाचा प्रकार म्हणजे," उल्हास मदतीला आला.

"गंजाचाच भाऊबंद," मी म्हटलं. "लोखंडाला गंज येतो, तांब्या-पितळेवर हिरवट कीट चढतं, चांदी काळवंडते. धातू देतो, समोरचा घेतो."

इंदूआत्यांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्या शाळेत फार शिकल्या नव्हत्या, पण माझ्या वर्गात त्या असत्या तर पहिल्या आल्या असत्या, कारण त्यांनी नेमका तोच प्रश्न विचारला जो चांगल्या विद्यार्थ्यानं विचारायला हवा.

"मग वहिनींच्या तांब्यानं का नाही दिलं काही? पाणी एकच, देव एकच."

माजघराच्या दारात माई उभ्या होत्या. हातात सुपारीचं तबक होतं. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मला वाटतं, जन्मात माझ्याकडे कुणी इतक्या भीतीनं पाहिलेलं नाही. मी त्या घरात आल्याला दिवस किती झाले होते, आणि त्यांचं आख्खं सासर माझ्या जिभेच्या टोकावर होतं.

"माईंचा जुना आहे ना," मी म्हटलं. "जुनी चांदी मुरलेली असते. ती काळी पडत नाही."

असलं धादांत खोटं रसायनशास्त्र मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. आमच्या सरांनी ऐकलं असतं तर माझी एम.एस्सी. काढून घेतली असती. आणि ते माझ्याच अंगावर आलं.

"हेच म्हणते मी," इंदूआत्या आप्पांकडे वळून म्हणाल्या. "जुनी होती ती खरी. ही आत्ताची सगळी भेसळीची. पोरगी स्वतःच कबूल करतेय."

आप्पांचा पेपर एवढासाही हलला नाही.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी माझा तांब्या उचलून मागीलदारी गेले. मनाशी हिशेब केला होता, की काळेपणाच घालवला तर उद्या आत्या दाखवणार काय? अण्णा यायच्या आत तांब्या होता तसा करायचा. घासायचा नाही, कारण घासून काळं जातं तशी त्याबरोबर चांदीही जाते. दुसरा उपाय मला ठाऊक होता. त्याला अॅल्युमिनियमचं भांडं हवं होतं.

मी मोरीजवळच्या फळीवर शोधाशोध करत होते, तेवढ्यात मागून माई आल्या.

"काय हवंय?"

मी सांगितलं. त्यांनी काही न विचारता स्वयंपाकघरातून एक भला मोठा टोप आणून दिला. त्यांचा रोजचा पेजेचा टोप, वापरून वापरून तळाशी पोचे पडलेला. मग मी मागितलं तसं कढत पाणी, मूठभर मीठ आणि धुण्याचा सोडा आणला आणि शेजारी पाट घेऊन बसल्या.

मी पाण्यात मीठ आणि सोडा ढवळला आणि तांब्या अलगद आडवा सोडला, टोपाला टेकेल असा. बारीक बुडबुडे यायला लागले. आणि वास.

"शिव शिव," आतून इंदूआत्यांचा आवाज आला. "पूजेच्या आदल्या दिवशी अंडी कोण उकडतंय गो?"

त्या तरातरा मागीलदारी आल्या, टोपात डोकावल्या, अंडी कुठं दिसेनात म्हणून चुलीपाशी पाहिलं, कोनाड्यात पाहिलं, पाण्याच्या पिंपाचं झाकणही उचललं. मग वासानं उठून आलेल्या उल्हासच्या तोंडाचा वास घेतला. त्या सगळ्या दिवसात मी हसले असेन तर तेवढंच. माईंनी त्यांना गोमूत्र शिंपडायला तुळशीकडे पाठवलं तेव्हा कुठं त्या गेल्या.

उल्हास टोपापाशी उकिडवा बसला. तांब्याच्या गळ्यापाशी एक पांढरी रेघ उमटली होती. ती रुंद होत चालली होती.

"हे बारावीला होतं?" त्यानं विचारलं.

"होतं."

"तरीच मी नापास झालो." तो कौतुकानं बघत राहिला. "काळं कुठं जातंय पण?"

मी त्याला समजावून सांगितलं. चांदीनं जे गंधकाला दिलं होतं, ते तिला आता अॅल्युमिनियम देतंय. चांदी परत चांदी होते, तिचं झालं क्षपण. आणि अॅल्युमिनियम देऊन बसलं, त्याचं झालं ऑक्सिडीकरण. एकाचं ते झालं की दुसऱ्याचं हे होतंच. नुसतं एक कधी होत नाही.

"म्हणजे आता टोप काळा पडणार?"

"पडतोयच. बघा."

खरंच, टोपाच्या आतल्या अंगाला राखाडी-काळे डाग धरले होते. उल्हासनं आईकडे पाहिलं. पेजेच्या टोपाला धक्का लागला तर त्या घरात काय होतं हे त्याला ठाऊक असावं. माई मात्र डागांकडे टक लावून बघत होत्या. मग त्यांनी त्याला गुरुजींकडे कसलंसं सामान विचारायला पिटाळलं.

आम्ही दोघीच उरलो. तांब्या अर्ध्याहून अधिक उजळला होता.

"माझा यात घातला तर?" माईंनी विचारलं.

मी पाण्यात काठी फिरवत राहिले. "तुमचा काळाच पडला नाही माई. उजळायचं काय त्यात."

"तुला कळलंय."

"हो."

"केव्हा?"

"कुंडावरच. तुम्ही पदराखाली घेतलात तेव्हा."

 मग टोपाकडेच बघत माई हळूहळू सांगायला लागल्या. त्यांचे वडील खाडीपलीकडच्या गावात शाळामास्तर होते. मुलगी सुर्व्यांच्या घरात द्यायची तर कुंडासाठी चांदीचा तांब्या हवा, हे लग्न ठरल्यावर कळलं. तेवढी त्यांची ऐपत नव्हती आणि नाही म्हणायची हिंमत झाली नाही. मुंबईला जाऊन त्यांनी हा तांब्या आणला. लग्नाच्या आदल्या दिवशी माईंना आत बोलावून हातात दिला आणि म्हणाले, पोरी, याला कधी चिंच लावू नकोस. बस, एवढंच म्हणाले. त्या काय ते समजल्या.

"कुंडात तो काळा पडला नाही म्हणून केवढं कौतुक झालं होतं माझं," माई म्हणाल्या. "माझ्या सासूबाईंचा पडला होता थोडा. म्हणाल्या, मास्तरांची चांदी आमच्यापेक्षा चोख. वन्सं तेव्हा तिथं होत्या. तेव्हापासून जो येईल त्याला त्या दाखवतात."

"मी कुणाला सांगणार नाही," मी म्हटलं.

"आणि उद्या तुझ्या वडलांना वन्सं बोलल्या म्हणजे?"

"बोलतील कशा? तांब्या तर उजळला." मी तो बाहेर काढून दाखवला. अण्णांच्या हातोडीचे बारीक ठसे पुन्हा एकेक करून दिसत होते. माईंनी तो हातात घेतला, फिरवून पाहिला आणि आपल्या पदरानं कोरडा केला. टोपाकडे माझं लक्षच नव्हतं. तो उचलून त्यांनी घासायला घेतला.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. डोक्याला फेटा, अंगात नवा कोट, हातात माझ्या आईनं दिलेली शिदोरीची पिशवी. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली, पण डोळे भरले होते. पूजेला उल्हास आणि मी बसलो. चौरंगाशेजारी दोन्ही तांबे पाणी भरून ठेवले होते, आणि मी सांगते, अण्णांचाच जास्त देखणा दिसत होता. आता काही होत नाही, असं मला वाटलं.

आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि इंदूआत्यांनी माझा तांब्या उचलला. एका दुपारीत काळ्याचा पांढरा कसा होतो, हा त्यांचा प्रश्न होता. घरात वास काय सुटला होता, तांब्या बुडवून काय ठेवला होता, सगळं त्यांनी पाहिलं होतं. वरून मुलामा चढवला. व्याही कारागीर आणि पोरगी शिकलेली, त्यांना काय अवघड?

माझी युक्ती दुसऱ्यांदा माझ्याच अंगावर आली होती. आदल्या दिवशी तांब्या नुसता खोटा होता, आता खोटा आणि वरून मुलामा चढवून लपवलेला ठरला. ओटीवर भावकी बसली होती. 

"असं झालं होय," अण्णा म्हणाले. ते चिडले नाहीत. "बघू जरा."

त्यांनी आपला तांब्या घेतला, आतून बोट फिरवलं, खाली ठेवला. मग इंदूआत्यांनी कौतुकानं माईंचा तांब्या त्यांच्या हातात दिला. "हा बघा. याला म्हणतात चांदी. तुमच्याच तांब्याशेजारी होता कुंडात."

 अण्णांना कसोटीचा दगड लागत नाही. पैंजणाच्या पेटीतला एक खोटं घुंगरू ते न बघता काढतात. त्यांनी तांब्यातलं पाणी ताम्हनात ओतलं, तांब्या तळहातावर तोलला, नखानं काठावर टिचकी मारून कानाशी धरला. चांदी बराच वेळ गुणगुणते. हा लगेच गप्प झाला. अण्णांनी मान वर केली आणि त्यांची नजर देव्हाऱ्यापाशी उभ्या असलेल्या माईंवर गेली. माईंनी डोळे मिटले होते.

त्यांना नुसतं एक वाक्य बोलायचं होतं. त्यांची चांदी, त्यांचं नाव, सगळं त्या एका वाक्यात परत मिळत होतं. अण्णांनी तो तांब्या दोन्ही हातांनी, देवाचा ठेवावा तसा, चौरंगापाशी ठेवला.

"विहीणबाईंच्या तांब्यात काय खोट न्हाई," ते म्हणाले. "माझा काळा पडला आसंल तर चूक माझ्याच हाताची. मी दुसरा घडवून देतो."

मला रडू कोसळायचंच बाकी होतं. माझा बाप, ज्यानं मनासारखे नाहीत म्हणून दोन तांबे वितळवले, तो भरल्या ओटीवर आपला हात खोटा आहे असं म्हणत होता, आणि इंदूआत्या समाधानानं मान डोलावत होत्या. मी उठायला लागले. उल्हासनं माझा शालू धरला, कारण गाठ अजून सोडली नव्हती.

"वन्सं."

माईंचा आवाज इतका साधा होता की आधी कुणाला कळलंच नाही कोण बोललं. त्या पुढे आल्या आणि आपला तांब्या उचलला.

"काळा पडतो तो खरा," त्या म्हणाल्या. "व्याह्यांचा तांब्या अस्सल चांदीचा आहे. माझा नाही. माझा जर्मन सिल्व्हरचा आहे. माझ्या वडलांनी देताना मला सांगितलं होतं. मी तुम्हां सगळ्यांपासून लपवलं." आणि मग, कोण काही म्हणायच्या आत, त्यांनी फळांच्या ताटातली लिंबाची फोड घेतली, तांब्याच्या तळाशी जिथं मुलामा पातळ झाला होता तिथं दाबून घासली आणि तो उलटा करून इंदूआत्यांपुढे धरला. खालचा पिवळसर धातू स्वच्छ दिसत होता.

इंदूआत्या खाली बसल्या. जिथं होत्या तिथंच, पाट न घेता. इतक्या वर्षांत आल्यागेल्याला त्यांनी तो तांब्या किती वेळा दाखवला असेल, ते सगळं बहुधा त्यांच्या डोळ्यांपुढून चाललं होतं. ओटीवरचं कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

मग आप्पा उठले. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या हातात पेपर नव्हता.

"मला तहान लागलीय," ते माईंना म्हणाले. "पाणी दे. भांडं नको, त्या तांब्यातूनच दे."

माईंनी तांब्या भरून दिला. आप्पांनी सगळ्यांदेखत तो तोंडाला लावला आणि घटाघटा संपवला. आमच्या आप्पांना मी त्यानंतर कधी गरीब म्हटलं नाही.

निघताना अण्णा माईंपाशी थांबले. म्हणाले, "विहीणबाई, राग मानू न्हका. तुमच्यासाठी चांदीचा एक घडवून पाठवतो."

"नको," माई म्हणाल्या. "हा माझ्या वडलांनी दिलाय. आणि आता त्याला चिंच लावायला हरकत नाही."

पुढे मी संगमेश्वरातच नोकरी धरली आणि निवृत्त होईपर्यंत शिकवलं. ऑक्सिडीकरण आणि क्षपण ओळखा, हा प्रश्न आला की मुलं गोंधळतात, कारण जे उजळतं, रंग बदलतं, तेच आधी डोळ्यांत भरतं. मी त्यांना सांगायची, की चकाकलं त्याच्याकडे नंतर बघा, आधी शेजारी कोण काळवंडलं ते शोधा. देणारा तोच असतो. तो सापडला की समीकरण सुटलं. माझे विद्यार्थी या प्रश्नाला सहसा चुकले नाहीत.

इंदूआत्या त्या दिवसानंतर बराच काळ आल्या नाहीत. मग एका दिवाळीआधी आल्या, काखोटीला एक गाठोडं. त्यात त्यांच्या घरची सगळी चांदी होती, निरांजनापासून अत्तरदाणीपर्यंत, मिट्ट काळी. "तुझ्या त्या टोपात घाल," एवढंच म्हणाल्या. माईंनी फळीवरून पेजेचा टोप काढून दिला. माझा तांब्या उजळला त्या दुपारनंतर त्यात पेज कधी झालीच नव्हती, तो चांदीचा टोप म्हणूनच राहिला. आम्ही तिघी मागीलदारी त्याच्याभोवती बसलो, वास सुटला, आणि आत्या स्वतःच म्हणाल्या, की आता अंडी उकडतायत असं कुणी म्हणायला नको.

माई जाऊन बरीच वर्षं झाली. मागच्या वैशाखात माझ्या मुलाचं लग्न झालं आणि आम्ही पुन्हा त्या कुंडावर गेलो. सुनेचा तांब्या तिच्या वडलांनी पुण्याहून घेतलेला. तिच्याशेजारी मला माझा भरायचा होता. मी अण्णांचा घरी ठेवला आणि माईंचा नेला. तळाशी पिवळा पडलेला, चिंचेनं घासून घासून जागोजागी मुलामा उडालेला.

सुनेचा तांब्या बघता बघता काळा झाला. पोरगी घाबरून गेली. तिनं माझ्या तांब्याकडे पाहिलं. मुलामा होता तिथं तो अजूनही चमकत होता.

"आई, तुमचा का नाही काळा पडला?"

मी तो पदराखाली घेतला नाही. तिला हाताला धरून पायरीवर शेजारी बसवली, तांब्या तिच्या मांडीवर दिला, आणि गुरव येईपर्यंत माईंची सगळी हकिगत सांगितली.